भरहुत दालनातील दोन तास : मोठे वस्तुसंग्रहालय कसे पाहावे?

बुद्धगया, सारनाथ, कुसिनारा अशी धम्मयात्रा करून परतणारे आपले अनेक उपासक-उपासिका गयेहून हावड्याला येतात आणि तेथून नागपूर-मुंबईकडे जाणारी गाडी पकडतात. दोन गाड्यांमध्ये अर्धा दिवस मोकळा सापडतो. त्या अर्ध्या दिवसात कलकत्त्याचे मोठे वस्तुसंग्रहालय पाहून घ्यावे, असे कोणीतरी सुचवते आणि सारा संघ तिकडे वळतो. दोन-अडीच तासांनी मंडळी बाहेर येतात तेव्हा पाय दुखत असतात, मुले कंटाळलेली असतात आणि काय पाहिले असे विचारले तर इजिप्तची ममी, हत्तीचा सांगाडा आणि "पुष्कळ मूर्ती" एवढेच उत्तर मिळते. ज्या दगडांवर आपल्या धम्माचा बावीसशे वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा कोरलेला आहे, ते दगड याच इमारतीत होते आणि मंडळी त्यांच्या शेजारून चालत गेली होती, हे बहुतेकांना ठाऊकच नसते.

वेळ थोडा आणि संग्रहालय मोठे, हा प्रश्न यात्रेकरूंप्रमाणे अभ्यासकांनाही पडतो. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर सामान्य सूचनांच्या रूपाने न देता एकाच उदाहरणाने द्यावे असे आम्ही योजले आहे. ते उदाहरण म्हणजे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील भरहुत दालन.

पाहण्यातील मात्रा

एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने 1814 साली स्थापन झालेले हे संग्रहालय भारतातील सर्वांत जुने. चौरंगी भागातील त्याची आजची इमारत 1878 साली लोकांसाठी खुली झाली. कला, पुरातत्त्व, मानववंशशास्त्र, भूगर्भशास्त्र, प्राणिशास्त्र आणि आर्थिक वनस्पतिशास्त्र असे त्याचे सहा विभाग असून दालनांची संख्या तिसाच्या वर आहे. बंगाली माणूस त्याला प्रेमाने 'जादूघर' म्हणतो. प्रत्येक दालनाला पाच मिनिटे दिली तरी अडीच तास पुरणार नाहीत, आणि पाच मिनिटांत एकाही दालनाचे काही कळणार नाही.

पालि साहित्यात भिक्षूच्या गुणांमध्ये 'भोजने मत्तञ्ञुता' हा एक गुण वारंवार सांगितला आहे. मत्तञ्ञुता म्हणजे मात्रा ओळखणे, किती पुरे हे जाणणे. आम्हांस वाटते, डोळ्यांच्या आहारालाही हाच नियम लागू पडतो. ताटात शंभर पदार्थ वाढलेले असले तरी पोटाची क्षमता वाढत नाही, तसेच दालने तीस असली तरी लक्ष देण्याची शक्ती तेवढीच राहते. म्हणून पहिला निर्णय दारातच घ्यावा. आज एक दालन पाहावयाचे आणि बाकीची निःसंकोचपणे सोडून द्यावयाची. ममी पाहिली नाही म्हणून यात्रा अपुरी राहत नाही.

भरहुतच का?

भरहुत हे आजच्या मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातले गाव. तेथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील वेदिकेने, म्हणजे दगडी कठड्याने, वेढलेला एक मोठा स्तूप होता. 1873 च्या अखेरीस अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे पोहोचले तेव्हा स्तूप जवळजवळ नाहीसा झालेला होता. परिसरातील लोकांनी घरे बांधण्यासाठी त्याच्या विटा व दगड वाहून नेले होते. ढिगाऱ्याखाली दबून राहिल्यामुळे वेदिकेचा काही भाग व पूर्वेकडील तोरण तेवढे वाचले. हे अवशेष पुढे कलकत्त्यास आणण्यात आले आणि 1879 साली कनिंगहॅम यांनी त्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

दालनात शिरताना एक गोष्ट ध्यानी धरावी. येथे स्तूप नाही. तांबूस वालुकाश्माचे स्तंभ, दोन स्तंभांना जोडणाऱ्या आडव्या 'सूची', वरून गेलेली 'उष्णीष' नावाची लांब शिळा आणि तोरण, एवढेच आहे. मूळ जागी स्तूप आणि वेदिका यांच्यामधून प्रदक्षिणेचा मार्ग जात असे आणि उपासक चालता चालता ही शिल्पे पाहत असत. मधला स्तूप आपण मनाने उभा करावयाचा असतो.

भरहुतची निवड आम्ही आणखी एका कारणासाठी केली. बहुतेक प्राचीन शिल्पांखाली संग्रहालयाने लावलेली पाटी वाचूनच आपल्याला अर्थ कळतो, आणि पाटी लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच कळते. भरहुतच्या शिल्पकारांनी मात्र अनेक दृश्यांवर त्यांची नावे स्वतःच कोरून ठेवली आहेत. दान कोणी दिले तेही कोरले आहे. असे दोनशेहून अधिक लहानमोठे लेख भरहुतला मिळाले. त्यांची लिपी ब्राह्मी आणि भाषा पालीला अतिशय जवळची प्राकृत आहे. ज्याला यांतील चार शब्द ओळखता येतात, त्याला बावीसशे वर्षांपूर्वीची पाटी मध्यस्थावाचून वाचता येते.

चार अक्षरांची तयारी

ब्राह्मी लिपी संपूर्ण शिकण्यास काही आठवडे लागतात, परंतु या भेटीपुरती चार अक्षरे पुरेत. ती गाडीत बसल्या बसल्या मुलांकडूनही गिरवून घेता येतील.

'न' म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी एक आडवी रेघ. 'क' म्हणजे गणितातील अधिकचे चिन्ह. 'थ' म्हणजे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक टिंब. 'ज' हे अक्षर इंग्रजी वर्णमालेतील 'ई' या मोठ्या अक्षरासारखे दिसते. अनुस्वार आपल्याप्रमाणेच टिंबाने दाखवितात, मात्र तो सहसा अक्षराच्या उजवीकडे असतो.

आता एखाद्या स्तंभावरील लेखाचा शेवट पाहावा. उभी रेघ, पायाशी आडवी रेघ आणि शेजारी टिंब दिसले तर ते 'नं' होय, आणि त्याच्या आधीचे अक्षर 'दा' असण्याचा संभव फार मोठा. शब्द झाला 'दानं'. याच शब्दाने ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले, हे येथे सांगितले पाहिजे. सांचीच्या वेदिकेवरील अनेक छोटे लेख सारख्याच दोन अक्षरांनी संपतात हे जेम्स प्रिन्सेप यांच्या ध्यानात आले. स्तूपाला वस्तू अर्पण करणाऱ्यांचे हे लेख असावेत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा, असा तर्क त्यांनी केला. 1837 साली या तर्कावरून संपूर्ण लिपी उलगडली आणि अशोकाचे शिलालेख पुन्हा बोलू लागले. सामान्य उपासकांनी दिलेले दान नोंदविणारा हा शब्द नसता, तर सम्राटाचे शब्दही कदाचित आणखी काही काळ मुके राहिले असते.

'दानं' च्या आधी वर्तुळात टिंब दिसले तर ते बहुधा 'थभो दानं' असेल, म्हणजे स्तंभाचे दान. पालीत हाच शब्द 'थम्भो' असा येतो आणि आपल्या मराठीतील 'थांबणे' हे क्रियापद याच कुळातले आहे. एखाद्या शिल्पाच्या वर 'ज' ने आरंभ होऊन अधिकचे चिन्ह व टिंब यांनी संपणारा शब्द दिसला, तर तो 'जातकं' होय.

तीन शिल्पे

दालनात गेल्यावर पहिली दहा मिनिटे काहीही न वाचता एक फेरी मारावी. नंतर पुढील तीन शिल्पांपाशी प्रत्येकी वीस मिनिटे थांबावे. वीस मिनिटे हा काळ एका दगडापुढे फार वाटेल. पहिल्या पाच मिनिटांनंतर मन निघू पाहते. तेथेच थांबले असता तपशील दिसू लागतात, असा आमचा विद्यार्थ्यांसमवेतचा अनुभव आहे.

पहिले शिल्प जेतवन दानाचे. एका वर्तुळात हे सारे दृश्य मावले आहे. सोडलेली बैलगाडी आहे, बैल मोकळे बसले आहेत, माणसे जमिनीवर चौकोनी नाणी पसरीत आहेत आणि मध्यभागी हाती झारी घेतलेला अनाथपिण्डिक दानाचे उदक सोडण्यासाठी उभा आहे. शेजारी दोन कुट्या आहेत, त्यांवर 'गधकुटि' व 'कोसबकुटि' अशी नावे कोरली आहेत. खालचा लेख सांगतो : "जेतवन अनाधपेडिको देति कोटिसंथतेन केता". विनयपिटकाच्या चुल्लवग्गात हीच कथा आहे. राजकुमार जेताने बाग विकण्यास नकार देताना, तिच्यावर 'कोटिसंथार' केला तरी देणार नाही, असे म्हटले आणि अनाथपिण्डिकाने तो शब्द पकडला. 'कोटि' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक संख्या आणि दुसरा टोक किंवा कडा. कडेला कड भिडवून नाणी अंथरणे हा दुसरा अर्थ शिल्पकाराने किती जपला आहे, ते नाण्यांकडे नीट पाहिले म्हणजे कळते. चौकोनी नाणी एकमेकांना लागून मांडलेली आहेत. ग्रंथातील एका शब्दाचे भाष्य दगडावर वाचावयास मिळते ते असे. प्राचीन आहत नाणी अनेकदा चौकोनीच असत, हेही येथे ताडून पाहता येते.

दुसरे शिल्प अजातशत्रूचे. एका स्तंभाच्या फलकावर "अजातसतु भगवतो वंदते" असा लेख आहे. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्त ज्यांनी वाचले आहे त्यांना प्रसंग लगेच ओळखू येईल. पित्याच्या वधाने अस्वस्थ झालेला मगधराज पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आम्रवनात तथागतांना भेटावयास निघतो, त्याच्यासोबत हत्तिणींवर बसलेल्या स्त्रियांचा लवाजमा असतो. शिल्पात खाली हत्ती व त्यांवरील स्त्रिया आहेत, वर राजा पायउतार झाला आहे, आणि सर्वांत वर तो नमस्कारासाठी वाकला आहे. कोणापुढे? छत्राखालील एका आसनापुढे. आसनावर कोणी नाही, पायाशी दोन पदचिन्हे आहेत. सबंध भरहुतमध्ये तथागतांची मानवाकृती मूर्ती कोठेही नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, रिकामे आसन, पदचिन्हे यांनीच त्यांचे अस्तित्व सुचविलेले आहे. मूर्ती नसतानाही वंदना होती, हे पाहणाऱ्याने मनाशी नोंदवून ठेवावे.

तिसरे शिल्प "मिगजातकं" या लेखाचे. पालि जातकसंग्रहात ही कथा रुरु जातक या नावाने येते. एका वर्तुळात तीन प्रसंग आहेत. ते कोणत्या क्रमाने वाचावयाचे हे कळले नाही तर शिल्प म्हणजे नुसती गर्दी वाटते. आरंभ खालून करावा. नदीत बुडणाऱ्या माणसाला मृग पाठीवर घेऊन तीराला आणतो. नंतर वर उजवीकडे पाहावे. तोच माणूस बक्षिसाच्या लोभाने राजाला मृगाचे ठिकाण दाखवीत आहे आणि राजाने धनुष्य ताणले आहे. शेवटी मध्यभागी यावे. राजाने धनुष्य खाली ठेवले आहे आणि तो हात जोडून मृगाचे बोलणे ऐकत आहे. राजा तोच, मृगही तोच, एकाच चित्रात पुन्हा पुन्हा येतो. ही वाचनपद्धती एकदा अंगवळणी पडली म्हणजे भरहुतप्रमाणेच सांचीची तोरणेही वाचता येतात.

येथे एक शंका आमचे तरुण वाचक काढतील. जातकांत बोलणारे प्राणी आहेत, पूर्वजन्म आहेत. बाबासाहेबांच्या विवेकवादी धम्माशी त्यांचा मेळ कसा घालावयाचा? आमचे उत्तर असे, की शिल्प हे प्रथम पुरावा म्हणून पाहावे. त्या काळातील लोकांना धम्म कोणत्या गोष्टींतून समजत होता, त्यांना कोणते आचरण थोर वाटत होते, ते या दगडांवरून कळते. रुरु जातकात राजाच्या हातातले धनुष्य शब्दांनी खाली येते. 'लटुवाजातकं' असा लेख असलेल्या आणखी एका शिल्पात, पिलांना तुडविणाऱ्या मस्तवाल हत्तीशी एक लहानशी लावी कावळा, माशी आणि बेडूक यांच्या साह्याने झुंजते. दुबळ्यांनी एकत्र यावे ही गोष्ट बावीसशे वर्षांपूर्वी स्तूपाच्या वेदिकेवर कोरण्याजोगी वाटली, याचा विचार करण्यास पूर्वजन्मावर विश्वास असण्याची गरज नाही.

नावे

उरलेल्या वेळातील पंधरा मिनिटे केवळ नावांसाठी ठेवावीत, कारण या दालनाचे खरे महत्त्व आम्हांस तेथे वाटते.

तोरणावरील लेखात धनभूति नावाच्या राजाचे नाव येते. तो शुंगांच्या राज्यात हे तोरण केल्याचे सांगतो आणि आपली, आपल्या पित्याची व आजोबांची ओळख आईच्या नावावरून देतो : वाछीपुत, गोतिपुत, गागीपुत. परंतु स्तंभ आणि सूची यांवर राजे फारसे नाहीत. तेथे विदिशेच्या रेवतिमिताची पत्नी चापादेवा आहे. तिने पहिला स्तंभ दिला आणि तो 'पठमथभो' असल्याचे आवर्जून कोरविले. पाटलिपुत्राची नागसेना आहे. भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, एक घोडेस्वार आहे. बुधरखित नावाचा एक 'रूपकारक', म्हणजे स्वतः मूर्तिकार, दाता म्हणून नोंदलेला आहे. दुसऱ्या एका बुधरखिताला 'पचनेकायिक' म्हटले आहे आणि जात नावाच्या भिक्षूला 'पेटकी'. पाच निकाय जाणणारा आणि पिटक जाणणारा, असे या पदव्यांचे अर्थ. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला या दोन शब्दांचे मोल फार आहे, कारण बुद्धवचनाची पिटक आणि पाच निकाय अशी विभागणी त्या काळी रूढ होती याचा दगडावरील आधार ते देतात.

आणि या यादीत महाराष्ट्र आहे. नासिकची गोरखिता, वसुकाची पत्नी, हिने एक स्तंभ दिला. 'करहकट' येथील दात्यांचे लेख एकाहून अधिक असून त्यांत तेथील निगमाने, म्हणजे नगरसंस्थेने, दिलेल्या दानाचाही लेख आहे. करहकट म्हणजे कृष्णाकाठचे आपले कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. कऱ्हाड आणि नासिक येथून सतन्यापर्यंतचे अंतर त्या काळच्या वाटांनी किती दिवसांचे असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

या लेखांत दात्याची ओळख सहसा गाव, नाते, व्यवसाय किंवा धम्मातील अध्ययन यांवरून दिलेली असते. आपल्या समाजाचा इतिहास लिहिला गेला नाही, अशी खंत आपण नेहमी व्यक्त करतो आणि ती खरीही आहे. आम्ही या दात्यांचे रक्ताने वंशज आहोत असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, तशी आवश्यकताही नाही. 1956 नंतर आपण ज्या धम्माचे वारस झालो, त्या धम्मातील एका गृहिणीचे, एका कारागिराचे, एका गावाचे नाव कोणीतरी कोरून ठेवले आहे. ते वाचण्याचे काम मात्र शिल्लक आहे. इतरांनी वाचून सांगितलेलेच आपण ऐकत राहिलो, तर आपल्या वारशाचा अर्थही इतरच ठरवतील. या कामात मराठी विद्वानांचा वाटा आहे, हेही सांगावयास हवे. हाइनरिख ल्यूडर्स यांनी सिद्ध केलेला भरहुत लेखांचा संग्रह 1963 साली वाल्डश्मिट आणि पुण्याचे म. अ. मेहेंदळे यांनी सुधारून प्रसिद्ध केला. आपल्या विहारांच्या ग्रंथालयांत तो असावा.

काही व्यावहारिक सूचना

संग्रहालय सोमवारी बंद असते. इतर दिवसांची वेळ आणि भरहुत दालन त्या दिवशी खुले आहे की नाही, याची चौकशी आधी करावी. मोठा संघ असेल तर चार-पाच जणांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक शिल्प वाटून द्यावे. शेवटी प्रत्येक गटाने आपले शिल्प इतरांना समजावून सांगावे. सांगावे लागणार आहे हे ठाऊक असले म्हणजे माणूस नीट पाहतो. छायाचित्रांचे नियम विचारून घ्यावेत, पण वहीत एक तरी लेख हाताने उतरवून घ्यावा. शिल्पांना स्पर्श करू नये, फुले वा मेणबत्त्या वाहू नयेत. मनातील वंदना कोणी अडवीत नाही. वृद्ध उपासकांना बसण्याची जागा आधी दाखवावी.

वीस मिनिटे उरली, तर गांधार दालनात जावे आणि एकच प्रश्न सोबत न्यावा : भरहुतला जे आसन रिकामे होते, तेथे येथे कोण बसले आहे? रिकाम्या आसनापासून मूर्तीपर्यंतचा हा प्रवास दोन दालने लागोपाठ पाहिल्याने जितका स्पष्ट होतो, तितका दहा व्याख्यानांनी होत नाही. त्यानंतर बाहेर पडावे.

ज्यांना कलकत्त्यास जाणे जमणार नाही, त्यांनी हीच पद्धत जवळच्या ठिकाणी वापरून पाहावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपाची मातीची शिल्पे आहेत. कार्ले, कान्हेरी आणि नासिक येथील लेण्यांत तर दानलेख जागच्या जागी आहेत. तेथील ब्राह्मीचे वळण थोडे नंतरचे असले तरी 'दानं' हा शब्द सरावाने ओळखता येतो. पुढील वर्षावासात एखाद्या विहाराने दर रविवारी एक तास ब्राह्मी अक्षरांसाठी ठेवला, तर वर्षावास संपताना पंधरा-वीस मुले लेण्याच्या भिंतीवरील लेख स्वतः वाचू लागतील. धम्माला 'एहिपस्सिक' म्हणतात, 'या आणि पाहा' असे आवाहन करणारा. पाहण्याची तयारी करून जाणे हा त्या आवाहनाला द्यावयाच्या उत्तराचाच एक भाग आहे.